धान्याच्या खोलीतलं भूत

देवळीजवळच्या आमच्या शाळेत मनकर्णाबाई बावीस वर्षं खिचडी शिजवतात. त्या तांदूळ निवडायला बसल्या की पोरं भोवती जमतात. बाई गोष्टी सांगत नाहीत, ऐकतात. कुणी म्हटलं, "आमची शेळी काल उडाली," तर हात न थांबवता विचारतात, "मंग उतरली कुठं?"

एकदा मी म्हटलं, "पोरांच्या थापा कशाला ऐकता?"

"सात वर्षांची होती मी. बापाले सांगतलं, गाईच्या कोठ्यात साप हाय. बाप म्हणे, गप बस. सकाळी वासरू मेलेलं." एवढं बोलून त्या पुन्हा तांदळातले खडे वेचू लागल्या.

यंदा दुसरीतली अंजू सांगू लागली, की धान्याच्या खोलीत भूत आहे. मी तिची वर्गशिक्षिका. तिला उभं करून मी चांगलंच दटावलं, "खोटं बोलायचं नाही!" तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलेना. ती थेट मनकर्णाबाईंकडे गेली.

"काय करते वं ते भूत?" बाईंनी विचारलं.

"आलुबोंडा खाते. मिरचीसंगं. मंग हाशहुश करते."

"पाय उलटे हायेत का त्याचे?"

"नाई, सीधे हायेत. अन् चपला मोठ्या सरच्यावानी."

बाईंच्या हातातलं सूप थांबलं. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक प्रभाकरराव; त्यांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलं होतं. त्यांच्या पत्नी इंदिराताई रोज बिनतेलाचा डबा द्यायच्या. आणि सर दररोज परिपाठात पोरांना बजावायचे, "बाहेरचं खाऊ नका!"

बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. पालकसभेच्या दिवशी सरांना एवढंच म्हणाल्या, "अंजूले गोष्ट सांगू द्या ना जी." सर खूश झाले. पहिल्या रांगेत इंदिराताई बसल्या होत्या. त्यांना निरोप बाईंनीच धाडला होता, हे मला मागाहून कळलं.

अंजूने गोष्ट रंगवून सांगितली. भूत दार कसं लोटतं, खाताना डोळे कसे मिटतं, सगळं. "मंग रुमालानं तोंड पुसते, अन् बाहेर येऊन आमाले सांगते, बाहेरचं खाऊ नका!"

सभा हसून लोटपोट झाली. इंदिराताई मात्र हसल्या नाहीत. "किती खाते गं बाई तुझं भूत?"

"दोन. शनवारी तीन."

प्रभाकरराव छताकडे पाहत राहिले. मग उठून उभे राहिले. "ते भूत मीच," ते म्हणाले. "अंजू खरं बोलली."

सभा संपल्यावर मी अंजूसमोर उकिडवी बसले. "चुकलं माझं. तुझं ऐकायला पाहिजे होतं."

तिने मला जरा निरखलं. "मंग आता दुसरी गोष्ट आयकता, मॅडम?"

"ऐकते ना."

"तुमच्यावरच हाये."

मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून लगबगीने स्वयंपाकघरात शिरल्या. मी मुकाट्याने सतरंजीवर मांडी घातली.