रादला मारलेली हाक

बेसिल तुस्कानोच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. बाकीची दोन ओमानने ठेवून घेतली, असं तो सांगायचा. बर्का गावाबाहेरच्या एका खजुराच्या बागेत तो विहिरीवरचा पंप दुरुस्त करत होता. पट्टा सुटला आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट घेऊन गेला. बागेच्या मालकाचा मुलगा हुसेन तेव्हा पंचविशीत होता. त्याने डोक्याचा रंगीत रुमाल सोडून बेसिलच्या मनगटाला आवळला, वाळूतून बोटं शोधली, खजुराच्या डब्यात बर्फ भरून त्यात ठेवली आणि पिकअप अशी हाणली की वाटेत एक बकरी चाकाखाली गेली. बोटं काही जोडली गेली नाहीत. पण रुमाल धुऊन परत द्यायला बेसिल बागेत गेला, कॉफीला बसला, आणि पुढची बावीस वर्षं जात राहिला.

तो वसईजवळच्या भुईगावचा. वडिलांची केळीची वाडी होती आणि रहाटाला एक बैल. वडील बैलाला मारत. बैल अडला की बेसिलला मारत, जणू त्यानेच त्याला शिकवलंय. संध्याकाळी जू उतरवताना मात्र त्याच माणसाचा आवाज बदलायचा. "होऽ राजा, होऽऽ," असं ते हळू म्हणत. म्हणजे काम संपलं, थांब, इकडे ये, खा. पाठीवर वळ उठलेला बैल त्या हाकेला मान वळवून यायचा. मुलगाही यायचा. तेविसाव्या वर्षी बेसिल ओमानला आला तेव्हा घरचं फारसं काही त्याने बरोबर घेतलं नाही. ती हाक आली.

हुसेनची गाय व्यायली आणि तासाभरात मेली, त्या वर्षी ती हाक पुन्हा कामाला लागली. काळं, पांढऱ्या कपाळाचं वासरू होतं. बर्क्याच्या वर्कशॉपातून सुटला की बेसिल बागेत जायचा. बाटलीने दूध पाजायचा, मग खजूर, मग सुकवलेले तारले मासे. दर वेळी आधी हाक, मग खाणं. वासराचं नाव हुसेनने राद ठेवलं. राद म्हणजे ढगांचा गडगडाट. वासरू मात्र बेसिलच्या मागे मांजरासारखं फिरायचं. वर्कशॉपातला वेल्डर रमण, देवगडचा, बेसिलच्या हाताखाली तयार झालेला. तो हसायचा. म्हणायचा, उस्ताद, ह्या वासराचा बाप्तिस्मा करून टाका एकदाचा.

राद दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा कोरोना आला. वर्कशॉप बंद पडलं. रस्त्यांवर नाकी बसली. अचानक विमान मिळालं आणि बेसिल एकोणतीस वर्षांचा संसार दोन बॅगांत कोंबून निघाला. हुसेनला भेटता आलं नाही. फोनवरच निरोप घेतला.

भुईगावात त्याचं मन लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी बायको डेझी गेली. घरात तो दिवसभर मोबाइलवर ओमानचं हवामान बघत बसायचा. शेवटी मुलीने, इलेनने, तिकीट काढून दिलं. पप्पा, जाऊन या, म्हणाली, नाहीतर मीच तुम्हाला घराबाहेर काढीन.

ठरलं होतं ते असं. शुक्रवारी बर्क्याला बैलांची झुंज. तिथे राद उतरणार. शनिवारी बेसिल, हुसेन आणि रमण तिघंही हुसेनच्या पिकअपमधून निघणार. निझवा, मग सूर, मग वाळवंट ओलांडून सलाला. पूर्वी तिघंही हा बेत दर हिवाळ्यात आखायचे आणि दर हिवाळ्यात कुणालातरी सुट्टी मिळायची नाही. बेसिलला सलालाचं एवढं काही नव्हतं. त्याला एकच बघायचं होतं. त्या दोघांच्या मध्ये पिकअपच्या सीटवर आपली जागा अजून आहे का.

रमण विमानतळावर आला. तो आता माबेल्याला राहतो. बागेकडे जाताना रस्ताभर तो रादबद्दल बोलत होता. तीन हिवाळे हरला नाही. सोहारपासून लोक बघायला येतात. मैदानात रादच्या दोराचं पहिलं टोक आपल्या हातात असतं, हुसेनने ते आपल्याला दिलंय. बेसिल खिडकीबाहेर बघत राहिला. ते टोक धरायचं काम आपलं आहे, असं त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तरी टोचलं.

हुसेनची दाढी पांढरी झाली होती. त्याने हात हातात घेतला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, बातमी काय? त्या भागात पाहुण्याला आधी बातमी विचारतात. आणि पाहुण्याने म्हणायचं असतं, काही बातमी नाही, सगळं बरं आहे. घर जळून आला असला तरी आधी हेच म्हणायचं. बेसिल म्हणाला, काही बातमी नाही. मग त्याने विचारलं. हुसेन म्हणाला, काही बातमी नाही. खजूर झाला, कॉफी झाली. तिसऱ्या कपाला बेसिलने सांगितलं की डेझी गेली. हुसेनने किटली खाली ठेवली आणि बराच वेळ त्याची तीन बोटं आपल्या हातात धरून बसला.

गोठ्याजवळ रमणने त्याला थांबवलं. राद आता पूर्वीचा नाही, म्हणाला, परक्याला चिरडतो. नऊशे किलोचं जनावर जाड साखळीला बांधलेलं होतं. मान एखाद्या पिंपासारखी. माणसांचा वास येताच त्याने खुराने माती उडवली आणि भिंतीवर डोकं आपटलं. भिंतीचा गिलावा पडला.

"होऽ राजा, होऽऽ," बेसिल म्हणाला.

डोकं थांबलं. राद वळला. साखळी ताणून तो पुढे आला आणि बेसिलच्या तळहातावर ओलं नाक घासून खजूर शोधू लागला.

"तेरा आवाज याद है इसको," हुसेन म्हणाला. तो हसत होता.

रमण हसला नाही. त्याने एवढंच म्हटलं, "उस्ताद, उद्या मैदानात ही हाक नको. थंय तो कुणाचो नसता."

बेसिलने मान डोलावली. एवढं काय त्याला कळत नव्हतं?

शुक्रवारी दुपारी समुद्राजवळचं ते गोल मैदान भरलं. कंबरेएवढ्या काँक्रीटच्या भिंतीवर माणसं ओळीने बसली होती, पाय आत सोडून. पांढरे पायघोळ कंदुरे, काठ्या, चहाचे कागदी कप. एकेक जोडी आत आणत होते. बैल एकमेकांच्या डोक्याला डोकं लावत. कधी मिनिटभर, कधी पाच. एक मागे फिरला की झुंज खलास. मग दोन्हीकडची माणसं दोर ओढून त्यांना वेगळं करत. शिंगं घासून बोथट केलेली असतात, म्हणून रक्त फार दिसत नाही. पण आवाज येतो. हाडावर हाड आदळल्याचा.

रादचं नाव पुकारलं गेलं. समोर सहम गावचा तांबडा बैल होता, वयाने लहान, अंगाने रुंद. रमणने दोराचं टोक धरलं. त्याच्यामागे तीन माणसं. बेसिलला हुसेनने आत घेतलं आणि आपल्या शेजारी उभं केलं, भिंतीला पाठ लावून. पाहुण्याला अशी जागा सहसा देत नाहीत.

पहिली टक्कर झाली तेव्हा धूळ उडाली आणि काही दिसेना. मग दिसलं. राद खाली वाकून रेटत होता. तांबड्याचे मागचे पाय घसरले. लोक ओरडले. मग तांबड्याने अंग सावरलं, डोकं थोडं तिरकं केलं आणि रादच्या कानामागे मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्या वेळी रादच्या नाकातून रक्ताचा फवारा निघाला आणि तो पुढच्या गुडघ्यांवर आला. कुणी त्याला दोराने ओढलं नाही. अजून तो फिरला नव्हता. गुडघ्यांवरूनही तो रेटत होता. तांबडा मारत होता.

बेसिलला भुईगावची वाडी दिसली, की त्याचे वडील दिसले, की नुसतं ते रक्त दिसलं, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. एवढं खरं की त्याचं तोंड उघडलं.

"होऽ राजा, होऽऽ."

काम संपलं. थांब. ये. खा.

रादने मान वळवली.

अख्ख्या मैदानात तेवढा एकच आवाज त्याच्यासाठी होता, आणि तो आला त्या दिशेला राद बघत असताना तांबडा सगळ्या वजनानिशी त्याच्या बरगड्यांत शिरला. लाकूड फुटावं तसं काहीतरी फुटलं. राद आडवा पडला, उठला आणि उधळला. बेसिलकडेच आला. मागच्या तीन माणसांच्या हातून दोर सुटला. रमणने दोर सोडला नाही. तो पोटावर पडला आणि वाळूतून फरफटत आला, हात डोक्यावर ताणलेले, तोंड मातीत. हुसेनने बेसिलला कॉलर धरून बाजूला खेचलं. राद भिंतीवर आदळला. पुढचा डावा पाय भिंतीच्या कडेवर अडकला आणि गुडघ्याखाली मोडला. पांढरं हाड बाहेर आलं.

भिंतीवरची माणसं पळाली. एक म्हातारा पडला, त्याला तुडवत दोघं गेले. तांबड्याला आवरायला दहा जण लागले. राद तीन पायांवर उठायचा, मोडलेल्या पायावर वजन आलं की कोसळायचा, शिंगं हाणायचा. जवळ जाणाऱ्या एका माणसाची मांडी त्याने उघडली.

रमण उठला. त्याचा उजवा हात खांद्यातून निखळून लोंबत होता. गालाची कातडी गेली होती. तो चालत बेसिलपर्यंत आला आणि डाव्या हाताने त्याच्या तोंडात मारली. बेसिलचा ओठ फुटला. पुन्हा मारली. बेसिलने हात वर केले नाहीत. त्याला मार खायची सवय होती.

"तुका सांगितलेलं मी," रमण म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "कित्याक हाक मारलंस त्येका?"

बेसिलने हुसेनकडे पाहिलं. हुसेनने ऐकलं होतं. मराठी त्याला येत नव्हती, पण ती हाक ओळखायला मराठी लागत नव्हती. बावीस वर्षांत बेसिलने त्याचा चेहरा असा बंद कधी पाहिला नव्हता.

कुणीतरी सुरी आणून हुसेनच्या हातात दिली. मोडक्या पायाचं जनावर तसं ठेवत नाहीत. जीव असेतो कापावं लागतं, नाहीतर ते मढं, खायला चालत नाही. पण जवळ जाता येत नव्हतं. दोन वेळा हुसेन पुढे झाला, दोन्ही वेळा शिंग त्याच्या पोटाजवळून गेलं.

तो मागे वळला. सुरी त्याच्या हातात खाली लोंबत होती.

"अब बुला," तो म्हणाला.

बेसिलला आधी समजलं नाही. मग समजलं. तो म्हणाला, हुसेन, नको. हुसेनने बाजूला होऊन वाट दिली.

बेसिल वाळूत गुडघ्यांवर बसला. फुटक्या ओठाने त्याने हाक मारली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला. रादने शिंगं हाणायची थांबवली. त्याने मान लांब केली, बेसिलच्या मांडीवर डोकं टाकलं आणि त्याच्या तळहातावर नाक घासू लागला. बेसिल बोलत राहिला. रमणने डाव्या हाताने मागून दोर ताणला. चार माणसांनी धड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, वळवलं. बिस्मिल्ला म्हणून हुसेनने गळ्यावर सुरी ओढली. रक्त गरम होतं. ते बेसिलच्या शर्टात, पँटमध्ये, बुटांत गेलं. नाक कितीतरी वेळ तळहातावर हलत होतं.

शनिवारी ते सलालाला गेले नाहीत. रमणचा खांदा दवाखान्यात बसवून आणला होता. रमणच्या खोलीवर बेसिलची बॅग भरलेली होती. टॅक्सीने विमानतळावर जाऊन मिळेल ते विमान पकडायचं, असं त्याने ठरवलं होतं. रमण त्याच्याशी बोलत नव्हता. तेवढ्यात रमणच्याच फोनवर हुसेनचा फोन आला. दोघांनी दुपारी जेवायला यावं. बस, एवढंच.

बागेतल्या बैठकीत आठ-दहा माणसं गोल बसली होती. रादचं मांस गावात वाटून झालं होतं. मधे एक मोठी परात ठेवली गेली. भात आणि त्याच्यावर त्यातलंच मांस. रमणसाठी वेगळ्या ताटात सुरमई होती. सगळे थांबले. तिथे पाहुण्याने पहिला घास घेईपर्यंत कुणी परातीला हात लावत नाही. आणि पाहुणा न जेवता उठून गेला, तर तो त्या घरातून कायमचा गेला.

हुसेनने हाताने मांसाचे मऊ तुकडे काढून बेसिलच्या पुढ्यात रचले. एकेक करून. मानाच्या पाहुण्याला यजमान असंच वाढतो. बेसिल परातीकडे बघत होता. रमण त्याच्याकडे बघत होता.

दारात सहमहून कुणी आलं. तांबड्या बैलाच्या मालकाचा भाऊ होता. सांत्वनाला आला असावा. सलाम झाला. त्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, बातमी काय?

"काही बातमी नाही," हुसेन म्हणाला. त्याच्या नखांत अजून रक्त होतं. "सगळं बरं आहे. आमचा बेसिल हिंदुस्तानहून आलाय."

माणूस बसला. परात तशीच होती. माश्यांचा आवाज येत होता.

रमण थोडा सरकला. हुसेनच्या आणि त्याच्या मध्ये बेसिल पुरता अडकला. खांद्याला खांदा लागत होता. रमणच्या झोळीतल्या हाताला औषधाचा वास येत होता.

"जेव, उस्ताद," तो हळूच म्हणाला. "लोक थांबलेत."

बेसिलने तीन बोटं परातीत घातली.