तंजावरच्या लग्नातले पाहुणे

फेब्रुवारीत हाफ टर्मच्या शाळेच्या सुट्टीत तंजावरला जायचं ठरलं, तेव्हा घरात खूश असलेला एकच माणूस होता, माझा नवरा. बर्मिंगहॅममध्ये बाहेर पाऊस लागला की तो सोफ्यावर पडून चोळांच्या देवळांचे व्हिडिओ बघायचा. आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींसारखं स्पेनला जायचं होतं, बीचवर. मला कुठेही चाललं असतं, हॉस्पिटलच्या ड्यूट्यांचा रोटा मागे लागला नाही म्हणजे झालं.

मुलगी बर्मिंगहॅमचीच. मराठी बोलते, आणि भरपूर बोलते, पण तो-ती-तेशी तिचं कधी जमलं नाही. मी सुधारत राहते, ती "आई, प्लीज!" म्हणत राहते.

बृहदीश्वराच्या आवारात शिरलो आणि तिघेही जागच्या जागी थांबलो. फोटोत कितीही पाहिलेलं असलं तरी तो सोनेरी दगडाचा डोंगर समोर उभा राहिला की मान आपोआप वर जाते. नवरा मात्र लवकरच सावरला आणि त्याचं लेक्चर सुरू झालं. ऊन चढलं होतं, फरशी तव्यासारखी तापली होती. चालायला काथ्याची पट्टी अंथरली होती, पण नवऱ्याला फोटोसाठी आम्ही नेमकं तिच्या बाहेर उभं राहायला हवं होतं.

"आई, माझा पाय जळली!" मुलगी ओरडली.

"जळला," मी सवयीने म्हणाले.

मागून कोणीतरी खळखळून हसलं. वळून पाहिलं तर कांजीवरम नेसलेल्या, मोगरा माळलेल्या साठीच्या एक बाई. मी मनात तमिळ म्हणून टाकलं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही मराठी की? कोठून आलांत?"

शब्द आमचे, पण चाल निराळीच. वाक्याच्या शेवटी तमिळ हेलकावा, आणि मधेच एखादा शब्द जुन्या पोथीतून उठून आल्यासारखा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. त्या स्वतः चेन्नईला शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, आणि भाचीच्या लग्नासाठी गावी आलेल्या.

त्यांनी आम्हाला ओवरीत सावलीला नेलं आणि तिथल्या मराठा राजांनी भिंतीवर कोरवलेला मराठी लेख दाखवला. ओळीच्या ओळी, अक्षराला अक्षर चिकटलेलं. नवरा आणि मी शब्द शोधत बसलो. मुलीचं लक्ष बाईंकडे होतं. ती तिच्या मराठीत विचारत होती, त्या त्यांच्या मराठीत उत्तर देत होत्या, आणि कुणाचंही कुठे अडत नव्हतं. त्यांनाही दोन ठिकाणी तो-ती चुकलं. मी तोंड उघडलं नाही.

"मावशीला तू करेक्ट नाही केलीस," मुलगी हळूच म्हणाली.

"त्यांची मराठी जुनी आहे. ती चूक नसते."

"मग माझा मराठी नवीन आहे."

नवरा इतका हसला की शेजारी बसलेली माणसं वळून बघायला लागली.

निघताना बाई म्हणाल्या, "उद्या लग्न. झाडून सगळ्यांनी यायचं." आम्ही ओळख नाही, कपडे नाहीत, वगैरे म्हणून पाहिलं. त्यांनी ते मुळीच ऐकून घेतलं नाही. संध्याकाळी बाजारात जाऊन आम्ही मुलीला पावडा घेतला, तिकडच्या मुली नेसतात तसा रेशमी परकर. तो घालून ती आरशासमोरून हलेना.

लग्नात नादस्वरम इतकं जोरात वाजत होतं की एकमेकांच्या कानात बोलावं लागत होतं. बाईंनी आमच्या मुलीला हाताला धरून हॉलभर फिरवलं. "पाहा, विलायतेत जन्मलेली, तरी मराठी बोलते!" प्रत्येक घरातलं एक तरी मूल अमेरिकेत किंवा बंगळूरला होतं आणि ते मराठी बोलत नव्हतं. आज्या माझ्या मुलीचे गाल धरत होत्या, काका तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावत होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिच्या मराठीचं कौतुक करत होतं, आणि ती उत्साहाने एका वाक्यात तीन-तीन चुका करत होती.

केळीच्या पानावरचं जेवण झाल्यावर कुणाला तरी आठवलं की महाराष्ट्रात नाव घ्यायची पद्धत आहे. सगळे माझ्या मागे लागले. मला एकही उखाणा आठवेना. शेवटी नवरा उभा राहिला, मधे माझं नाव घालून म्हणाला, "बर्मिंगहॅमला पाऊस, तंजावरला ऊन, हिने देऊळ पाहिलं उड्या मारून मारून." निम्म्या लोकांना कळलं, त्यांनी उरलेल्यांना तमिळमध्ये सांगितलं, त्यामुळे हशा दोनदा पिकला.

त्यानंतर मुलगी आणि मावशी दर रविवारी फोनवर बोलू लागल्या. काय बोलतात ते मला कळायचं नाही, कारण मुलगी खोलीचं दार लावून घ्यायची.

यंदा जुलैमध्ये मावशी मुलाकडे एडिनबराला आल्या, आणि तिथून ट्रेनने चार दिवस आमच्याकडे. भर उन्हाळ्यात स्वेटर, वर कोट, डोक्याला लोकरी टोपी. मुलीने त्यांना डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसवून शहर दाखवलं. येताना दोघींनी मार्केटमधून टोमॅटो आणले. रसम करायचं ठरलं होतं.

मी कामावरून आले तर दोघी किचनमध्ये. मावशींनी कढईत मिरच्या टाकल्या, धूर वर गेला, आणि स्मोक अलार्म किंचाळायला लागला. मुलगी खुर्चीवर चढून भांडी पुसायचा टी-टॉवेल फडकावत होती, नवरा खिडक्या उघडत धावत होता, आणि मावशी शांतपणे कढीपत्ता टाकत विचारत होत्या, "हें कोण ओरडतंय? त्यालाही जेवायला बोलवा की."