गव्हर्नरची गाय नावेत चढेना

मंडप सोडला की दोऱ्यांचे तुकडे उरतात. उपयोग काही नसतो, पण टाकवतही नाहीत. आपण ते कोपऱ्यात सारतो आणि एक दिवस बघतो तर हा ढीग! किश्शांचं तसंच आहे. सांगलीकडे मी जन्मभर मंडप घातले. लग्नांचे घातले, पुढाऱ्यांच्या सभांचे घातले. आता मुलाकडे असतो, जर्मनीत कार्ल्सरूहेला. इथं मंडपाला मला कुणी बोलवत नाही, पण तुकडे जमायचे थांबत नाहीत. त्यातले हे योखेनचे.

* * *

पहिल्या उन्हाळ्यात मी बाल्कनीत बसलो होतो. खाली बघतो तर एक उंच काळी टोपी चाललेली. खाली लांब कोट, पितळी बटणं, आणि हातात प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी.

“सूनबाई, हे कोण गं?”

अश्विनी म्हणाली, “अहो बाबा, ते गव्हर्नर आहेत. अमेरिकेतल्या एका राज्याचे. दीडशे वर्षांपूर्वीचे.”

“मग कचरा टाकायला स्वतः?”

“बाबा, इथं सगळेच टाकतात.”

मग तिनं नीट सांगितलं. हे खालच्या मजल्यावरचे योखेन. जन्मभर ट्राम चालवली, आता रिटायर. इथं काही लोकांचे क्लब असतात. शनिवार-रविवारी गावाबाहेर रानात तंबू ठोकून जुन्या अमेरिकेतल्यासारखं राहायचं. कुणी शेरीफ, कुणी दरोडेखोर. योखेन गव्हर्नर. अमेरिका त्यानं पाहिलेली नाही.

तेवढ्यात त्यानं वर बघितलं आणि टोपी काढून मला वाकून नमस्कार केला. मी जन्मभर पुढाऱ्यांच्या स्टेजखाली बांबू बांधले. स्टेजवरनं कुणी खाली वाकलेलं बघितलं नव्हतं!

* * *

पुढच्या शनिवारी तो मला घेऊनच गेला. सोबत त्याची बायको हेल्गा, आणि भाषांतराला अश्विनी.

पाइनच्या झाडांमधून ऊन असं गाळल्यासारखं येत होतं की तिथली माणसं खरी की स्वप्नातली, कळेना. दरोडेखोरांनी बँक लुटली. शेरीफ धावला. बार उडाले, धूर झाला, दोघं मरून पडले. मी पुढं सरकून बसलो. आता खरी मारामारी!

गव्हर्नरनं खिशातलं साखळीचं घड्याळ काढलं आणि हात वर केला. “रूहेत्साइट!”

म्हणजे दुपारची शांततेची वेळ. बाजूच्या बागांमध्ये म्हातारे लोक झोपतात. मेलेले उठले, बंदुका झाडाला टेकवल्या, आणि शेरीफ, दरोडेखोर, बँकवाला एकाच सावलीत आडवे झाले. चोराच्या पांघरुणावर शेरीफची कॉफी सांडली, तर शेरीफनं कुजबुजत माफी मागितली.

मीही झोपलो. इतकी गाढ झोप मला जर्मनीत आधी लागली नव्हती.

* * *

आता तंबूचं. माझा धंदाच तो, म्हणून बघायला गेलो. ग्युंटर म्हणून एक टॅक्सचा सल्लागार आहे, क्लबात घोडेचोर होतो. तो तंबूच्या खांबाला पाणसळ लावून बसला होता. बुडबुडा मधोमध येईना. अर्धी सकाळ गेली.

मी अश्विनीला म्हटलं, “विचार त्यांना, त्या काळी होती का पाणसळ?”

ग्युंटरनं फार विचार केला. मग म्हणाला, “अच्छा, म्हणूनच तर तिथली घरं पडली!”

तंबू मात्र असा उभा राहिला, की सोडताना मला वाईट वाटलं.

* * *

त्या अमेरिकेतल्या गव्हर्नरची गोष्ट मला अश्विनीनं पहिल्या वर्षी मेळाव्यातच भाषांतर करून सांगितली. त्याचं खरं नाव मला उच्चारता येत नाही, गव्हर्नरच म्हणतो. लहानपणी आईबरोबर बैलगाडीतून त्या मुलखात आला. ओंडक्यांच्या झोपडीत वाढला. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा भाषण येईना, म्हणून दारोदार जाऊन लाकडं फोडून द्यायचा. निवडून आला तर राजधानी म्हणजे एक गळकं घर. आमदार छत्र्या उघडून बसायचे. दारात त्याची गाय बांधलेली. सकाळी तो धार काढायचा आणि मंत्री शेजारी उभं राहून राज्याची खबर सांगायचे.

मी म्हटलं, “आमच्याकडे मंत्री बोलतात आणि धार दुसऱ्याची निघते!”

अश्विनीनं हे जर्मनमध्ये सांगितलं. सगळे हसले, नि मग एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्याकडेही तसंच असावं.

शेवट मला सगळ्यात आवडतो. मुदत संपल्यावर गव्हर्नर फक्त गाय घेऊन घरी निघतो. वाटेत नदी. गाय नावेत चढेना. तो काही तिला ओढत नाही, काठावर बसून राहतो. नावाडी विचारतो, “तुम्ही कोण?” तो म्हणतो, “एके काळी गव्हर्नर होतो. आता या गाईचा मालक आहे, तिला मान्य असेल तर!”

ही सगळी गोष्ट योखेननं दर उन्हाळ्यात मेळाव्याच्या शेवटच्या संध्याकाळी सांगायची, बिनकागद. हातात गाईचा म्हणून एक दोर. आपल्याकडे गोष्टीला हुंकार देतात ना, तसे तिथले लोक तो थांबला की एका सुरात विचारतात, “उंड दान?” आणि मग?

नियम एकच. गोष्ट मध्येच तुटली, तर टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर जायची.

* * *

गव्हर्नर दर मेळाव्याला एका चोराला माफी देतो. गेल्या वर्षी ग्युंटरची पाळी.

“काय चोरलंस?”

“घोडा.”

“परत दिलास?”

“हो, दिला.”

“मग मोकळा आहेस!” टाळ्या.

घटकाभरानं ग्युंटर सॉसेज खात होता. योखेन समोर आला. “काय चोरलंस?” लोक हसले. ग्युंटरनं तोंड पुसून सगळी उत्तरं दिली. पुन्हा मोकळा.

संध्याकाळी सामान आवरताना योखेन पुन्हा आला. “काय चोरलंस?”

या वेळी कुणी हसलं नाही. ग्युंटरनं हातातलं खाली ठेवलं, टोपी काढली आणि म्हणाला, “घोडा, महाराज.”

ग्युंटरला गव्हर्नर व्हायचंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोष्टही त्याला पाठ. तरी तो असा उभा राहिला. तेव्हापासून तो मला आवडतो.

* * *

थंडीत हेल्गा केक घेऊन वर आली. केक तसाच राहिला. अश्विनीचा हात धरून ती बोलत होती.

“डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढत जाणार,” अश्विनीनं मला सांगितलं. “काकू म्हणतायत, रोज सकाळी ते टोपीला ब्रश करायला उठतात. टोपी गेली तर उठायचेच नाहीत.”

मी म्हटलं, “सांग त्यांना, मला वेळच वेळ आहे.”

* * *

मग योखेन आणि मी ट्रामनं फिरू लागलो. तो जर्मनमध्ये बोलायचा, मी मराठीत. भांडण कधी झालं नाही.

त्याच्या जुन्याच लाइनवर बसायचं. गावं विसरला, नातवंडांची नावं विसरला, पण थांबे पाठ! म्हणून त्यानं गव्हर्नरची गोष्ट थांब्यांवर बसवली. पहिल्या थांब्याला बैलगाडी. पुढच्याला झोपडी. बाजारचौकात निवडणूक. दार उघडलं की तो माझ्याकडे बघायचा, मी म्हणायचो, “उंड दान?” आणि ट्राम हलायची. शेवटच्या थांब्याला उतरून आम्ही कालव्याच्या काठी बसायचो. तिथं गाय.

खिडकीबाहेर बर्फ, मग कळ्या, मग पानं. आत एक माणूस रोज जन्माला येऊन रोज निवृत्त व्हायचा. कधी कधी माझा डोळा लागायचा आणि जाग आली की वाटायचं, हे कृष्णाकाठचंच कुणाचं तरी चाललंय.

एकदा रूळदुरुस्तीसाठी ट्राम वळवली. बाजारचौक आलाच नाही! योखेन घाबरून दाराशी गेला, काचेवर हात मारू लागला. मी त्याला धरून बसवलं. त्या दिवशी गव्हर्नर निवडणूक न लढवताच कालव्यावर पोचला. पण गाय घेऊन बसला मात्र छान.

* * *

या उन्हाळ्यातली मेळाव्याची शेवटची संध्याकाळ. इथं उजेड लवकर जात नाही, झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळत राहतो. सगळे बाकांवर. हेल्गा माझ्या शेजारी.

योखेन उभा राहिला. बैलगाडी आली. झोपडी आली. “उंड दान?” बाजारचौकात क्षणभर अडखळला, मी पुढच्या बाकावरून ट्रामच्या घंटीची खूण केली, आणि गव्हर्नर निवडून आला! छत्र्या उघडल्या. धार निघाली. मुदत संपली. हातात दोर घेऊन तो नदीवर पोचला. गाय नावेत चढेना.

“उंड दान?” लोक म्हणाले.

योखेननं दोराकडे बघितलं. मग लोकांकडे. मग परत दोराकडे.

“उंड दान?” आता हळू.

तो दोर नुसता बोटांत फिरवत राहिला. हेल्गानं डोळे मिटले. मागून बाक करकरला. ग्युंटर उठला होता. नियमच होता तसा.

मी उठलो. का, ते मलाही ठाऊक नाही. जाऊन दोराचं दुसरं टोक हातात घेतलं आणि काठावर बसतात तसा गवतात बसलो. योखेनही बसला. मग मला येते त्या भाषेत मी सुरू केलं.

“गाय काही नावेत चढेना. गव्हर्नर तिला म्हणाला, बस बाई. आपल्याला आता कुठं सभेला जायचंय?”

कुणाला शब्द कळला नसेल. पण कुणी हललंही नाही. योखेन माझ्याकडे टक लावून बघत होता, तोंड अर्धवट उघडं. मी थांबलो तसा तो पुढं झुकला.

“उंड दान?” त्यानं विचारलं.

मागं ग्युंटर परत खाली बसला.

मी सांगत गेलो. सूर्य पाण्यात उतरला. नावाड्यानं चूल पेटवली. भाकरीचा वास आला तशी गाय हळूच खाली बसली. नावाडी म्हणाला, तुम्ही कोण? “एके काळी गव्हर्नर होतो,” मी म्हटलं, “आता या गाईचा मालक आहे, तिला मान्य असेल तर.”

योखेननं दोर आपल्या मनगटाला गुंडाळून घेतला, टोपी नीट केली आणि मान हलवली.

“गेनाऊ,” तो म्हणाला, आणि पुढं आणखी थोडं काही.

अश्विनी माझ्यामागं येऊन बसली होती. तिनं हळूच सांगितलं, “बाबा, ते म्हणतायत, बरोबर. अस्संच झालं होतं. मी तिथं होतो.”