वास्तुशांतीच्या पाटावरचे ज्ञानोबाकाका

आधीच सांगून टाकते, भूतबीत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. परभणीच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. समोर कुणी "आमच्या शेतात एकदा काय झालं..." अशी सुरुवात केली की मी चहा ठेवायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण या प्रकाराने डोकं पार पिकलंय, आणि इथे बरीच हुशार मंडळी आहेत. कुणी उलगडा केला तर उपकार होतील.

माझं माहेर गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. सगळ्या खानदानाचे फोटो माझ्या फोनमध्ये, कारण बाकीच्यांचे फोन सदा 'स्टोरेज फुल'. फोटोंच्या अ‍ॅपमध्ये चेहरे ओळखायची सोय आहे, म्हणे! एकदा नाव दिलं की त्या माणसाचे सगळे फोटो आपोआप एका जागी. प्रत्यक्षात काय, तर माझी चुलती, सुमनकाकी, त्याला तीन वेगळ्या बायका वाटते – डोक्यावर पदर घेतलेली, न घेतलेली आणि शेतात तोंडाला रुमाल बांधलेली. चारठाण्याच्या देवळातल्या एका दगडी मूर्तीला त्याने माझ्या सासूबाईंच्या फोटोंत नेऊन बसवलं होतं... ते मात्र मी बरेच दिवस दुरुस्त केलं नाही. सांगायचा मुद्दा, या अ‍ॅपच्या अकलेवर माझा काडीचा विश्वास नाही.

आता ज्ञानोबाकाका. माझ्या वडिलांचे, आण्णांचे, धाकटे भाऊ आणि सुमनकाकीचा नवरा. दरवर्षी दोघं टोळीबरोबर ऊस तोडायला जायची. एका वर्षी हंगाम संपला, टोळी ट्रकने परत निघाली आणि वाटेत एका हॉटेलावर चहाला थांबली. काका चहा प्यायला उतरले ते परत ट्रकमध्ये चढलेच नाहीत. पोलीस झाले, पाहुणेरावळे झाले, देवऋषी झाले. त्यांचा मुलगा बालाजी तेव्हा शाळेत होता. काकीने कुंकू पुसलं नाही. याला बारा वर्षं होऊन गेली. काकांचे जुने दोन-तीनच फोटो होते, ते मी फोनवर काढून घेतले आणि अ‍ॅपमध्ये त्यांचं नाव घातलं. इतकी वर्षं त्या नावाखाली तेवढेच फोटो.

यंदा बालाजीचं लग्न जमलं. मुलीकडच्यांनी साधंच विचारलं – पत्रिकेत वडिलांच्या नावामागे श्री. घालायचं की कै.? झालं! इतके दिवस झाकून ठेवलेलं उघड्यावर आलं. आमच्याकडे बारा वर्षं माणूस परतला नाही की त्याचा दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, आणि मग तो गेला असं धरतात. आण्णांचं म्हणणं, नदीवर विधी उरकून टाकू, म्हणजे लग्नात कुणी बोट दाखवायला नको. काकी नाही म्हणत होती. विधी झाला की दुसऱ्या मिनिटाला तिचं कुंकू जाणार, मंगळसूत्र जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. शेवटी पोराचं लग्न मोडेल या धाकाने ती गप्प झाली. तिच्या गप्प बसण्यालाच सगळ्यांनी 'हो' धरलं. आमच्या घरात बायकांचा होकार असाच मोजतात.

त्याआधी बालाजीने बांधलेल्या घराची वास्तुशांत होती. पूजेला जोडप्याने बसावं लागतं, आणि बालाजीचं लग्न व्हायचं म्हणून बसणार काकी. बायको नसेल तर पुरुष कमरेला सुपारी खोचून बसतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. पण नवऱ्याच्या जागी सुपारी? गुरुजी म्हणाले, असं मी आजवर केलेलं नाही. काकी म्हणाली, मग आता करा, अजून तर मी सवाष्ण आहे ना. बरीच कुरकुर झाली. अखेर तिच्या शेजारी एक पाट मांडला, त्यावर मूठभर तांदूळ आणि तांदळावर सुपारी. तिच्या डोळ्याला धार लागली होती, पण पूजा तिने नीट केली. मी नेहमीप्रमाणे फोटो काढले.

परभणीला आल्यावर फोटो पाठवायला म्हणून अ‍ॅप उघडलं, तर ज्ञानोबाकाकांच्या नावाखाली ढीगभर नवे फोटो. सगळे वास्तुशांतीचे. खरं सांगते, वाटलं, गर्दीत मागे कुठेतरी काका येऊन उभे राहून गेले की काय... एकेक फोटो मोठा करून पाहिला. अ‍ॅपने चेहरा म्हणून जो गोल काढला होता तो पाटावरच्या सुपारीभोवती होता.

आधी हसले, मग भडकले. 'ही ती व्यक्ती नाही' असं सांगून सगळे काढून टाकले. दुसऱ्या दिवशी परत हजर. पुन्हा काढले, पुन्हा आले. शाळेतले कॉम्प्युटरचे सर म्हणाले, मॅडम, याला ढगातसुद्धा चेहरे दिसतात, सावलीचा खेळ असतो. मान्य! पण त्याच फोटोत चौरंगावर गणपतीची सुपारी होती, नवग्रहांच्या होत्या, त्यांतल्या एकीलाही ते शिवलं नाही. बालाजीच्या मित्राने दुसऱ्या बाजूने काढलेले फोटो मागवले, तर त्यातही नेमकी तीच. मी घरी पाट मांडला, तांदूळ घातले, सुपारी ठेवली, फोटो काढले. नवऱ्याने विचारलं, आता कुणाची वास्तुशांत? त्या फोटोंत अ‍ॅपला कुणीच दिसलं नाही. सर म्हणाले, अपडेट करून बघा. केलं. फरक शून्य.

इथवर ठीक होतं, मशीन बिघडलंय म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण काही फोटो पूजा आटोपल्यानंतरचे होते. काकी पंगतीत वाढतेय, काकी दारात उभी आहे, काकी पाहुण्यांना पोचवायला निघालीय. पाट केव्हाच उचललेला, सुपारीचा पत्ता नाही. तरी खाली नाव – ज्ञानोबाकाका. आणि गोल कुठे, तर काकीच्या कमरेशी, पदराच्या टोकाला मारलेल्या गाठीवर.

मी काकीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारल्यासारखं विचारलं की पूजेच्या सुपाऱ्या सगळ्या नदीत सोडल्या का.

"एक ठिवलीय," ती म्हणाली. "पदराला बांधलीय. पण तुला कुणी सांगितलं गं? मी बालाजीलाबी बोलले न्हाई."

मी काय सांगणार, कपाळ? जे होतं ते सांगितलं. तिने ते परत एकदा सांगायला लावलं आणि नुसतं 'बरं' म्हणाली. आण्णांना फोटो दाखवले तर त्यांचा पारा चढला. पोरीला इतकं शिकवून हेच बघायचं होतं का, म्हणाले. मोबाईल सांगतोय म्हणून माणूस जिवंत धरायचा का? अहो, मी कुठे तसं म्हणत होते? मी इतकंच म्हणत होते की जरा थांबा, काकीला नको आहे. पण दिवस ठरला होता, गुरुजी ठरले होते, आणि एकदा ठरलं की आमच्याकडे ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

त्या सकाळी गंगाखेडच्या घाटावर पुतळा केला. दर्भ, पळसाची पानं आणि डोक्याच्या जागी सोललेला नारळ. नारळाला डोळे असतात, आपल्यालासुद्धा त्यात तोंड दिसतं. म्हणजे अ‍ॅपला फसायचंच असतं तर यापेक्षा चांगली संधी नव्हती. काकी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, सगळ्यांचा एक फोटो काढ. काढला. रेंजची बोंब... अ‍ॅप नुसतं फिरतंय, गुरुजींची घाई चाललेली, आण्णा माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. माझी अशी चिडचिड झाली की फोन गोदावरीत फेकावा. एकदाची नावं आली. आण्णा, बालाजी, सुमनकाकी, ज्ञानोबाकाका. नारळावर काहीही नव्हतं. गोल काकीच्या कमरेशी होता.

मी फोन तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही, पण गोल कुठे आहे ते दिसलं. ती उठली. भायाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बाईने थेट बोलायचं नसतं. लग्न होऊन आल्यापासून तिला आण्णांना काही सांगायचं असलं की ती माझ्या आईमार्फत सांगायची. त्या दिवशी ती पदर सावरून सरळ आण्णांपुढे जाऊन उभी राहिली.

"ह्यात ते न्हाईत," ती म्हणाली. "मग तुमी कुणाला जाळायलात?"

बालाजीच्या हातात पेटता पलिता होता, तो त्याने पाण्यात बुडवला. काकी पायऱ्या चढून वर ऑटोत जाऊन बसली. पत्रिकेत श्री. छापलं. मुलीकडच्यांनी हूं की चूं केलं नाही, आणि लग्न व्यवस्थित पार पडलं. एवढ्यासाठी आम्ही तिचा जीव टांगणीला लावला होता!

काका आजही सापडलेले नाहीत. अ‍ॅप अजून तसंच वागतं. काकीचा नवा फोटो आला आणि त्यात गाठ दिसत असली की काकांचं नाव येतं. मी आता काढून टाकत नाही, कंटाळले.

परवा न राहवून मी काकीला विचारलं, तुला काय वाटतं, काका आहेत का?

"त्ये मला तरी कुटं म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन जो त्यो येऊन मला सांगायचाच बघ. हायेत म्हनून, न्हाईत म्हनून. तुला काय वाटायलंय असं आज पयल्यांदाच कुणीतरी इचारलं."

मग गॅसवर दूध आहे म्हणाली आणि तिने फोन ठेवला.