उंबरठा अडीच फूट खाली

त्याला सगळे नळीमिस्त्री म्हणत. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं, तिच्यात पाणी, आणि तोंडात एकच वाक्य : "डोळा खोटं बोलेल, पाणी बोलणार नाही." नळीची दोन टोकं दोघांनी वर धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. तिथून खाली टेप सोडला की कुठली जमीन उंच, कुठली खोल, ते चट कळतं. पंचेचाळीस घरं त्याने या नळीवर उभी केली. पहिलं तेवढं नुसत्या नजरेवर बांधलं, आणि नेमकं ते अक्काचं होतं.

त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. तेव्हा मिशी नुकती फुटलेली, अंगात रग. थोरली बहीण म्हणाली, "माझं घर बांधलं तर तूच बांधायचंस." मागचा प्लॉट चढावर होता, रिकामा, गवतानं भरलेला. "तिथं कोण मरायला येतंय?" म्हणत त्याने अक्काचं जोतं फूटभरावर आटोपलं. पुढे कळायला लागलं तशी चूक उमगली, पण वरचं गवत पाणी पिऊन टाकायचं, म्हणून ती झाकून राहिली. अक्का मात्र येईल त्याला भिंतीवर थाप मारून सांगायची, "माझ्या धाकट्यानं बांधलंय. एक तडा दाखवा!" थाप भिंतीवर पडायची आणि मिस्त्री भलतीकडेच बघायचा.

आता तोच वरचा प्लॉट शाळेतल्या गणिताच्या सरांनी घेतला. भराव टाकला, घर उभं राहिलं, आणि बांधायला कोण, तर हाच. राहिलं होतं फक्त अंगण.

"उतार मागे द्या," सर म्हणाले. "पुढे माझी गाडी लागणार."

"मागे माझी अक्का राहते, सर."

"अहो, पाणी उताराकडेच जाणार. तो काय माझा नियम आहे?"

"नियम खरा. पण इतकी वर्षं पाऊस गवतावर पडत होता. आता गच्चीवर पडणार, फरशीवर पडणार, आणि सगळा एकदम खाली पळणार. मागच्या भिंतीलगत दीड फुटाचा चर काढू, पाणी बाजूच्या नाल्यात सोडू."

"आणि माझ्या गुलाबाच्या कुंड्या? तुमच्या डोक्यावर ठेवू?"

"खाली जाऊन एकदा नळीचं टोक धरा. मग म्हणाल तसं."

सर कुरकुरत उतरले आणि अक्काच्या मागच्या दारात उभे राहिले. अक्काने स्टूल दिलं. "चढा, सर. जपून मात्र, पडाल."

मिस्त्री भिंतीवरून ओरडला, "इकडे अंगणापासून पाणी दोन फुटांवर!"

सरांनी उंबरठ्याला टेप लावला. "इकडे साडेचार." वजाबाकीला त्यांना वेळ लागला नाही. "अडीच फूट खाली? इतक्या खोलात घर! कुठल्या गाढवानं बांधलंय हे?"

अक्काने वर पाहिलं. मिस्त्रीने नळीच्या टोकावर अंगठा दाबला. खोटं बोलायला जागा होती. म्हणता आलं असतं, जमीन खचली.

"मीच," तो म्हणाला. "नळी लावली नव्हती. चूक माझी आहे, अक्का. तुला सांगायची छाती झाली नाही."

अक्का आत गेली. मिस्त्री वळसा घालून तिच्या अंगणात आला, सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा अवघडून उभा राहिला. ती बाहेर आली ती घडी घातलेलं गोणपाट घेऊन. कडा कुजलेल्या, मातीचे डाग वाळून घट्ट झालेले.

"मोठ्या पावसात हे दाराला कोण लावतं? तुझे दाजी? ते तर घोरत असतात. मला काय ठाऊक नव्हतं होय रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"पहिलंच घर होतं तुझं. मीच बोभाटा केला असता तर दुसरं कुणी दिलं असतं?"

सर टेप गुंडाळत स्टुलावरून उतरले. मग म्हणाले, "चराला उतार किती लागेल?"

"दहा फुटाला एक इंच, सर. वरून फटी ठेवून फरश्या टाकतो. कुंड्या फरश्यांवर बसतील."

"मोजून टाका. मी टोक धरतो."

चर मिस्त्रीने स्वतः खणला, मजुराला कुदळ लावू दिली नाही. आठव्या दिवशी सरांनी भरलेलं पिंप अंगणात आडवं केलं. पाणी मागे धावलं, चरात पडलं, वळलं आणि गढूळ फेस काढत नाल्याकडे गेलं. अक्का गोणपाट हातात धरून दारात तयारच होती. उंबरठ्याशी थेंब आला नाही. तरी तिने वाकून बोट फिरवलं, कोरडं बोट भावाला दाखवलं आणि गोणपाट त्याच्या अंगावर टाकलं.

"घे, नळी गुंडाळायला होईल. आणि पाय धुऊन आत ये, चिखल्या. माझ्या धाकट्यानं बांधलेलं घर आहे हे."