बाबांनी लावलेली वेळ

मार्चचा पहिला रविवार, घरातल्या सगळ्या घड्याळांचे सेल बदलायचं काम काढलं होतं. एकातला सेल फुटून पांढरी भुकटी जमली होती. ती पुसायला व्हिनेगर घेतलं आणि त्या वासाने डिलाईल रोडची आमची खोली आठवली. तेव्हा बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांचा छोटा डिजिटल रेडिओ रोज पहाटे, चाळीत पाणी यायच्या जरा आधी वाजायचा. गजर त्यांनीच लावलेला, आणि ते गेल्यावरही आई त्यावरच उठायची. एका शनिवारी तो वाजलाच नाही. आईला जाग आली तेव्हा पाणी येऊन गेलं होतं. दुपारी मी रेडिओ खोलायला बसले. "नीट बंद कर गो, तुझ्या बापासारखे स्क्रू उरवू नकोस," आई म्हणाली. आत सेल फुटून स्प्रिंग गंजली होती, एक तार सुटली होती. मी स्प्रिंग व्हिनेगरने घासली, तार सोल्डर केली, नवे सेल घातले. रेडिओ लागला, पण पडद्यावर नुसती शून्यं लुकलुकत होती. "त्यांनी लावलेली वेळ गेली ना?" आईने विचारलं. मी म्हटलं, "थांब, तीच परत लावते." "नको. ती तुझी वेळ होईल," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, आजही नेमकं काय वाटायला हवं होतं ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गजराविनाच उठले; पाणी आलं तेव्हा आई झोपलेलीच होती. मी पिंप भरलं, कळश्या भरल्या, आणि तिला उठवलं नाही.