चिंचेच्या डोहातली मरळ

माझा भाऊ कौतिक मासे खायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली लोकांनी त्याचा साधू करून टाकलाय आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. साधू कसला डोंबलाचा! मरळीचा रस्सा असला की तिसरी भाकर मागून घ्यायचा, एकेक काटा चोखून ताटाच्या कडेला लावायचा. बोकडाचं मटण, गावरान कोंबडी, झिंग्यांची चटणी, सगळं त्याला हवं असायचं. फक्त त्याच्या अटी होत्या, आणि त्या अटींनी आमच्या घरादाराचा जीव खाल्ला.

मी त्याची थोरली बहीण, कमल. गावात मला सगळे अक्काच म्हणतात. नवरा वारल्यावर मी माहेरी आले, पुढे भावजयही गेली, तेव्हापासून घरची चूल माझ्या हातात. आमचं गाव भडगावच्या खाली, गिरणेच्या काठाला. नदीला लागून केळी, वरच्या रानात कापूस. घरात कौतिक, त्याचा मुलगा जितेंद्र, सून डिंपल आणि मी.

आता अटी ऐका. बाजारातली बॉयलर कोंबडी घरात आणायची नाही. बर्फात घालून ट्रकने कुठून कुठून येतो तो पांगस मासा, त्याचं नाव काढायचं नाही. कोंबडी आपल्या उकिरड्यावर वाढलेली, बोकड गावातल्या धनगराकडचा, मासा आपल्या नदीचा. तेही रोज नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी. आणि आणलं की मुंडी, पाय, वजडी, काही म्हणून टाकायचं नाही. डिंपल नवीन होती तेव्हा बिचारी वजडी धुता धुता रडायची. मी म्हणायची, "अगं, तुझ्या सासऱ्याचं लग्न लागलंय बोकडाशी, करतेस काय!"

एकदा पहूरला नात्यात जाऊळ होतं. बाळाचे पहिले केस काढायचे, बोकड कापायचा, सगळ्या पाहुण्यांना जेवण. लोक वाढून घेत होते आणि अर्धं ताटात टाकून उठत होते. कौतिक हात धुवायच्या जागी जाऊन उभा राहिला आणि एका सुटाबुटातल्या पाहुण्याला म्हणाला, "जीव गया त्याना, आते खाई टाक ना बठ्ठं!" बठ्ठं, म्हणजे सगळं. पाहुणा भडकला. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. येताना एसटीभर मी त्याला बोल लावत होते, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

पण त्याचा खरा जीव होता चिंचेच्या डोहात. आमच्या केळीच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथे हा डोह. उन्हाळ्यात नदी आटली की वरखालचे मासे त्यात येऊन राहतात, आणि पूर आला की तिथूनच पुन्हा नदीभर पसरतात. म्हणून आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की डोहात जाळं टाकायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी चाल. बाकीचे विसरले. कौतिक विसरला नाही. कुणी रात्रीचं विजेची तार टाकून मासे मारायला आलं, कुणी ब्लिचिंग पावडर घेऊन आलं, हा काठी घेऊन हजर. स्वतः मासे धरणाऱ्या पुना भिल्लालासुद्धा त्याने कितीदा अडवलं. पुनाचं पोट त्या नदीवर. पण तो ऐकायचा, कारण पूर ओसरल्यावर डोहातला मासा आधी पुनाच्याच जाळ्यात येईल हे कौतिक बघायचा.

शेजारचा प्रेमराज माळकरी. तो कौतिकला म्हणायचा, "माशांचा एवढा कळवळा आहे तर खाणं सोड ना, भाऊ. माळ घाल." कौतिक म्हणायचा, "मी खास, म्हनीसनच राखस. तू खात नही, तुले काय पडेल शे?" खातो म्हणूनच राखतो, म्हणे!

यंदाचा उन्हाळा मात्र मेला वैऱ्यासारखा आला. धरणात पाणी कमी, म्हणून नदीला सोडतात ते पाण्याचं शेवटचं आवर्तन सुटलंच नाही. एरवी नदीची वाळू ओली राहते, डोहाला आतून पाझर देते. पण वाळू उरलीय कुठे? डंपर लावून लावून लोकांनी नदी खरवडून नेली, खाली नुसता खडक आणि गाळ. डोह कमरेचा गुडघ्यावर आला. रोहू, कटला आधी गेले, पांढरी पोटं वर करून. वास इतका सुटला की कौतिक तोंडाला गमछा बांधून काठावर बसायचा.

मरळ मात्र तग धरून होती. ती वर येऊन हवा पिते, म्हणून जगते. त्यात एक मोठी मादी होती, आणि तिची पिलं. मरळीची पिलं लहानपणी लालभडक असतात, पाण्यावर त्यांचा एक पुंजका फिरत असतो आणि आई खालून राखण करते. कौतिक मला ते दाखवायला घेऊन गेला, उन्हात, हाताला धरून. "अक्का, देख. ह्या वाचनात ना, तं नदी वाची." ही वाचली तर नदी वाचेल. त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता कितीतरी दिवस. मला त्याच्याकडे बघवेना.

पुना म्हणाला, जाळं टाकून काढू, विहिरीत सोडू. कौतिक नाही म्हणाला. जाळ्यात आई येईल, पिलं गाळात राहतील, आणि आईवाचून ती एक दिवस टिकायची नाहीत. मग त्याने ठरवलं की डोहाला आपल्या बोअरचं पाणी द्यायचं.

जितेंद्र उसळला. तसं त्याचंही चूक नव्हतं. केळी घडावर होती, पानं उन्हाने करपत होती, बोअर धापा टाकत चालत होतं. "आबा, केळी मेली तर आपण काय खायचं? मरळ?" तो ओरडला. कौतिकने ताट सरकवलं आणि उठून गेला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. एकाच ओट्यावर बसायचे आणि मला मध्ये घालायचे. मी दोघांनाही शिव्या घालायची.

आता पुढचं ऐका.

केळीच्या कंदाला कीड लागली होती. जितेंद्रने संध्याकाळी ड्रममध्ये औषध कालवलं आणि ठिबकमधून सोडलं. आमच्याकडे सगळे असंच देतात, मोटर चालली की पाणी ड्रममधलं औषध आपोआप ओढून घेतं. थोडं गेलं आणि लाईट गेली. ड्रम तसाच भरलेला, पाइपही भरलेले. लाईट आली की ऑटो स्विचने मोटर आपोआप सुरू होईल, उरलेलं औषध केळीला जाईल, म्हणून तो निश्चिंत झोपला. बापाला सांगायचा प्रश्न नव्हता. बोलणंच बंद होतं ना!

सकाळी जितेंद्र बियाणं आणायला अमळनेरला गेला. कौतिक याच संधीची वाट बघत होता. ठिबकच्या मोठ्या पाइपाच्या टोकाला, नदीच्या बाजूला, एक व्हॉल्व्ह असतो. पाइपात क्षार साचतो तो धुऊन काढायला अधूनमधून उघडतात. कौतिकने त्याला नळी जोडली, डोहापर्यंत नेली आणि व्हॉल्व्ह उघडून लाईटची वाट बघत बसला. मी भाकर घेऊन गेले तेव्हा तो लहान पोरासारखा खुश होता. किती दिवसांनी त्याने माझ्या हातची भाकर नीट खाल्ली.

लाईट आली. नळीने आचका दिला आणि पाणी पडायला लागलं. पांढरं, दुधाळ. आमच्याकडे पाइप धुताना पहिलं पाणी नेहमीच पांढरं येतं, क्षाराचं. कुठल्याही केळीवाल्याला विचारा. कौतिक म्हणाला, "क्षार शे. आते साफ व्हई." तोंडाला गमछा, भोवती मेलेल्या माशांची घाण. वास कसा येणार?

नवं पाणी आलं की मासा धारेकडे धावतो. मरळी आल्या. कुठून कुठून आल्या देवा, गाळातून, मुळांतून! लाल पुंजका धारेपाशी आला, खाली आई. कौतिक गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत होता. "अक्का, देख, देख कशा येतस!"

मग पुंजका फुटला. पिलं गोल गोल फिरायला लागली, जागच्या जागी. मोठी मरळ वर उसळली, आडवी पडली, परत उसळली. कौतिकने गमछा खाली ओढला, ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं. त्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. तो व्हॉल्व्हकडे धावला, पडला, उठला, व्हॉल्व्ह बंद केला. परत पाण्यात आला आणि मरळीला दोन्ही हातांनी धरून कडेच्या जुन्या पाण्यात नेऊन सोडायला लागला. ती सोडली की उलटी व्हायची. तो परत सरळ करायचा. मी ओरडले, "कौतिक, बाहेर ये! तुझ्याही अंगाला लागेल रे!" तो ऐकेचना. शेवटी मी लुगडं खोचून उतरले आणि त्याला ओढून बाहेर काढला.

आम्ही बोअरवर जाऊन अंगावर पाणी घेतलं, तो ड्रम उघडून बघितला, आणि परत येतो तर डोहावर माणसं. मासे तरंगतायत ही बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागतो! टोपल्या, बादल्या, घमेली. आमच्या आळीतली भागाबाई ओटीत मरळ घेऊन चाललेली. पुनाही होता.

कौतिक ओरडला, "टाका खाली! औषध शे त्यामा!"

कुणी ऐकलं नाही. अहो, का ऐकतील? वर्षानुवर्षं तो त्यांना हेच सांगत आला होता, धरू नका, नेऊ नका, सोडा. भागाबाई म्हणाली, "आते मेल्यावरबी खाऊ देत नही का रे, मेल्या!" लोक हसले. काहीजण तर केव्हाच घरी निघून गेले होते.

कौतिकने टोपी काढली आणि भागाबाईच्या पायावर ठेवली. सगळ्या गावासमोर. "मी मारात," तो म्हणाला. "मन्हाच हाते मारात. मन्हा ड्रमनं औषध शे. मारी टाकी तुमले."

भागाबाईने ओटी सोडली. मासे धुळीत पडले.

मग तो गावात पळाला. गेलेली माणसं ज्या ज्या घरची, त्या त्या घरी. मी मागून धावत होते. तो सरळ चुलीपाशी जायचा आणि पातेलं उलटं करायचा. ज्याने जन्मभर एक काटा वाया जाऊ दिला नाही, तो लोकांचा शिजता रस्सा राखेत ओतत होता. एका घरी बाईने त्याला जळक्या लाकडाने मारलं. त्याने मार खाल्ला, पातेलं ओतलं आणि पुढच्या घरी गेला. एकाच्याही पोटात काही गेलं नाही, एवढी देवाची कृपा.

दुपारी नदीपासून लांब, बरड जमिनीत खड्डा खणला. पुना आणि कौतिक दोघंच खणत होते. जितेंद्र अमळनेरहून आला, खड्ड्यात बघितलं, आणि मग त्यानेही फावडं घेतलं. मोठी मरळ कौतिकने स्वतः ठेवली, वरून पिलं. ती एका ओंजळीत मावली.

प्रेमराजही येऊन उभा राहिला होता. भला माणूस, पण वेळ कुठली नि बोलतोय काय! म्हणाला, "जाऊ दे भाऊ, आता तरी सुटलास यातून." मी त्याला हाताने बाजूला केलं, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं कोण जाणे.

खड्डा बुजल्यावर पुनाने फावडं टेकवलं. कौतिकवर त्याचा राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. रिकाम्या डोहाकडे बघून त्याने सरळ विचारलं, "आते तुम्ही कोनले अडावशात, भाऊ?"

बाप गेला, बायको गेली, तेव्हा कौतिक रडला नव्हता. तो तिथेच, मातीवर, पुनाचे पाय धरून ओक्साबोक्शी रडला.